हांक आणि ओ

आंबिया बहाराचीं संत्रीं येऊं लागलीं म्हणजे नागपुरांतील कळमन्याच्या बाजार-आवारांत पहांटेपासून पाय ठेवावयास जागा उरत नाहीं. काटोल, नरखेड, वरूड, मोर्शी या बाजूच्या बागांतून भरून आलेल्या गाड्या रिकाम्या होत असतात, फळांचे ढीग लागत असतात आणि प्रत्येक ढिगाभोंवतीं खरेदीदारांचें कोंडाळें जमलेलें असतें. गेल्या हंगामांत एका परिचित अडत्यांच्या शेजारीं उभें राहून हा लिलाव पाहण्याचा योग आम्हांस आला. बोली चढत असतांना त्यांचा मोबाईल तीन वेळां वाजला. पहिला फोन त्यांनीं नांव पाहून कापला. दुसरा तत्काळ घेतला. तिसरा पुन्हां पहिल्याच माणसाचा होता, तोहि कापला. घेतलेला फोन परप्रांतांतील एका खरेदीदाराचा होता. कापलेला फोन, ज्याचीं संत्रीं आमच्या डोळ्यांदेखत विकलीं जात होतीं, त्या बागाईतदाराचा होता. गिऱ्हाइकास पहिल्या घंटेस ओ आणि मालाच्या धन्यास मात्र ओ नाहीं, हें आम्हांस खटकलें. भीडेमुळें त्या वेळीं आम्ही कांहीं बोललों नाहीं; पण कोणाच्या हांकेस कोणीं व केव्हां ओ द्यावी हा प्रश्न मोबाईलहून पुष्कळ जुना आहे, हा विचार परततांना मनांत घोळत राहिला.

आमच्या भाषेनें अंतर मोजण्याचें एक माप हांकेचेंच ठेविलें आहे. घर ‘हांकेच्या अंतरावर’ आहे म्हटलें कीं सारें आलें. परंतु हांकेच्या अंतरावर राहणाऱ्या या समाजानें हांकेस मर्यादाहि घातल्या होत्या. घराबाहेर पडणाऱ्या माणसास मागून हांक मारूं नये. संध्येस बसलेल्यास बोलावूं नये. पुष्कळ घरांतून वडील मंडळी जेवतांना मौन पाळीत आणि दारीं आलेल्यास ‘जेवावयास बसले आहेत’ एवढें उत्तर पुरे होई. त्यांत कोणास अपमान वाटत नसे. रात्रीं-अपरात्रीं कोणी एकच हांक मारली तर ओ देऊं नये, दुसरी-तिसरी येऊं द्यावी, असेंहि जुनीं माणसें सांगत. भुताखेतांची ही समजूत आहे हें खरें. पण तिच्या पोटांत एक व्यवहार दडलेला आहे. ज्याची गरज खरी तो पुन्हां हांक मारील, हा तो व्यवहार. आश्चर्य असें कीं, हल्लींच्या मोबाईलमध्यें घंटा बंद ठेवण्याची जी योजना असते तींत थोड्या मिनिटांच्या आंत त्याच माणसाचा दुसरा फोन आल्यास तेवढी घंटा वाजूं देण्याची सोय केलेली असते. ती करणाऱ्यांस आमच्या आजीबाईंची भुतें ठाऊक असण्याचा संभव नाहीं.

ओ न देण्याचा अधिकार मात्र सर्वांस सारखा कधींच नव्हता. राजवाड्यांत चोपदार व हुजरे असत ते याच कामासाठीं. धनी कोणास भेटेल, कोणास तिष्ठत ठेवील, हें त्यांच्या तोंडून कळे. या अधिकारास एकदां फार मोठ्या माणसानें हरकत घेतली, ती कथा ग्रँट डफनें आपल्या १८२६ च्या मराठ्यांच्या इतिहासांत नोंदविली आहे. थोरले माधवराव पेशवे कांहीं काळ जपाच्या नादीं लागले होते. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे कामानिमित्त आले, तों श्रीमंत जपांत निमग्न. शास्त्रीबोवा न बोलतां परतले आणि दुसऱ्या दिवशीं प्रवासाची सारी सिद्धता करून काशीस जाण्याची परवानगी मागावयास उभे राहिले. माधवरावांनीं झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी दाखविली, तथापि आपण जपांत असल्याचें कारण पुढें केलें. त्यावर शास्त्र्यांचें म्हणणें पडलें तें असें: ब्राह्मणधर्म सोडून राज्य हातीं घेतलें आहे, तर तें रयतेच्या कल्याणासाठीं वापरलें पाहिजे, तें होत नसेल तर गादी सोडून माझ्याबरोबर गंगातीरीं चला. माधवरावांनीं बोल मानला आणि जप सोडला.

ही गोष्ट शाळेंत सांगतात ती रामशास्त्र्यांच्या निःस्पृहपणाची म्हणून. आम्हांस तींत दुसरेंहि कांहीं दिसतें. माधवराव चैनींत दंग नव्हते. ते देवाचें नांव घेत होते. व्यत्यय टाळण्यास याहून पवित्र कारण कोणतें असूं शकेल? तरीहि शास्त्र्यांनीं तें ग्राह्य धरलें नाहीं. एकांत वाईट असें त्यांचें म्हणणें नव्हतें. ज्याच्या दाराशीं दुसऱ्यांचें नशीब येऊन उभें राहतें त्यानें आपला एकांत केवळ आपल्या सोयीनें ठरवूं नये, एवढाच त्यांचा आग्रह होता. उलट बाजूहि इतिहासांत आहेच. लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ १९१०-११ च्या हिवाळ्यांत मंडालेच्या तुरुंगांत लिहून झाला आणि १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. पुण्यांत लोकांच्या गराड्यांत राहणाऱ्या या पुरुषास अखंड वेळ मिळाला तो सरकारी कुलुपाआड.

इंग्रजी अमदानींत चोपदाराची जागा चपराशानें घेतली, एवढाच काय तो फरक. खरा पालट केला तो विजेच्या तारेनें. १८५५ पासून सामान्य जनांस तार पाठवितां येऊं लागली. पण पैसे शब्दागणिक पडत, म्हणून तार फुकाची येत नसे. तारवाला दाराशीं दिसला कीं घरांतील बायका पाकीट फोडण्यापूर्वींच डोळ्यांस पदर लावीत. १४ जुलै २०१३ रोजीं शेवटच्या तारा घेऊन सरकारनें ही सेवा बंद केली, तेव्हां ज्यांस हळहळ वाटली त्यांतील पुष्कळांनीं आयुष्यभर तिची धास्तीच घेतलेली होती.

दूरध्वनि हिंदुस्थानांत आला तो १८८२ च्या जानेवारींत, कलकत्ता, मुंबई व मद्रास या शहरीं. त्याचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपल्या अभ्यासिकेंत तें यंत्र ठेवूं देत नसे, असें त्याच्या पत्नीनेंच लिहून ठेविलें आहे. १९२२ च्या ऑगस्टांत त्याचें दफन झालें त्या वेळीं उत्तर अमेरिकेंतील दूरध्वनि एक मिनिट मुके ठेवण्यांत आले. जिवंतपणीं त्यानें आपल्या खोलीपुरतें जें मागून घेतलें होतें तें मेल्यावर सबंध खंडानें त्यास मिनिटभर दिलें!

आमच्याकडे फोनची घंटा बरींच वर्षें दुर्मीळ राहिली आणि ती दुर्मिळताच तिचा पहारा होती. परगांवीं बोलावयाचें म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहणें आलें. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या पायऱ्या होत्या. घाई जितकी मोठी तितका दर चढा. म्हणजे आपलें काम खरोखर किती निकडीचें आहे हें हांक मारणारासच आधीं आपल्या खिशाला विचारावें लागे. कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान २५ नोव्हेंबर १९६० रोजीं थेट फोन लावण्याची सोय झाली आणि ती देशभर पसरत गेली, तसतशी ही पायरी झिजली.

परंतु मध्यमवर्गाच्या आठवणींत घर करून राहिला आहे तो ‘पी. पी.’ क्रमांक. ज्याच्या घरीं फोन नाहीं असा गृहस्थ शेजाऱ्याचा क्रमांक आपल्या नांवाच्या कार्डावर छापी व पुढें हीं दोन अक्षरें घाली. घंटा वाजे एकाच्या घरीं आणि धांवपळ होई दुसऱ्याची. ‘पांच मिनिटांनीं करा, बोलावून आणतों’, असें सांगून शेजारच्या काकू आपल्या मुलास पिटाळीत. आजाऱ्याचा निरोप असला तर त्या मध्यरात्रींहि दार ठोठावीत. स्थळाची चौकशी असली तर ‘सकाळीं सांगेन’ म्हणून ठेवून देत. कोणता फोन व्यत्यय आणि कोणता नव्हे याचा निवाडा करणारें एक शहाणें माणूस तारेच्या या टोंकास बसलेलें असे, आणि त्या शहाणपणाचें बिल कोणी पाठवीत नसे. अर्थात् काकूंस सर्वांचीं गुपितें कळत, हा या व्यवस्थेचा दोष. तो लहान नव्हता.

३१ जुलै १९९५ रोजीं पश्चिम बंगालचे मुख्य मंत्री ज्योति बसू यांनीं केंद्रीय मंत्री सुखराम यांस मोबाईलवरून फोन केला, तो या देशांतील पहिला समजतात. येथून हांक घराला न लागतां थेट माणसाला लागूं लागली. आरंभीं येणाऱ्या फोनलाहि घेणाऱ्यास पैसे पडत. १ मे २००३ पासून तें थांबलें. फोन लावणारा मात्र खर्चांतच राहिला आणि त्या खर्चांतूनच मिस्ड कॉल फोंफावला. एक घंटा म्हणजे निघालों, दोन म्हणजे पोंचलों, अशा खुणा घरोघरीं ठरल्या. उचलण्याकरितां नव्हे तर न उचलण्याकरितांच करावयाचा फोन ही कल्पना आमच्या लोकांनीं जितकी वापरली तितकी फार थोड्यांनीं वापरली असेल. त्यांतहि पायरी होतीच: मजूर मिस्ड कॉल देई आणि मुकादम उलट फोन करी, मुकादमानें मिस्ड कॉल दिला तर तो चिक्कू ठरे.

पुढें बोलणें जवळजवळ फुकट झालें आणि शेवटचा पहारेकरीहि उठला. कर्ज, विमा, भूखंड यांच्या विक्रेत्यांनीं इतका उच्छाद मांडला कीं २००७ सालीं असे फोन नकोत म्हणणाऱ्यांची राष्ट्रीय नोंदवही उघडावी लागली. सुशिक्षितांची तक्रार येथवर येते आणि थांबते. पण ती त्यांच्या पायरीवरची तक्रार आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञानें केरळच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांचा अभ्यास करून २००७ सालीं तो प्रसिद्ध केला. मोबाईल येण्यापूर्वीं गिऱ्हाइकाअभावीं रोजच्या मासळीचा पांच ते आठ टक्के भाग टाकून द्यावा लागे. समुद्रांतूनच बंदरोबंदरचे भाव विचारतां येऊं लागले तसें हें थांबलें. त्या होडींत वाजणारी घंटा व्यत्यय नव्हती. कळमन्यांतील हमालाच्या खिशांत वाजते तीहि नव्हे. गाडी लागल्याची ती हांक असते, आणि ती चुकली तर तेवढी मजुरी दुसऱ्याची होते. वर्गांत शिरतांना आम्ही फोन मुका करतों तें आमचा पगार त्यामुळें कापला जात नाहीं म्हणून, हें आम्हांस उशिरां सुचलें.

अशा विचारांत असतांनाच दुसऱ्या खेपेस कळमन्यास जाणें झालें, आणि आम्ही त्या अडत्यांस तो कापलेला फोन आठवून दिला. ते रागावले नाहींत. म्हणाले, “अजून भाव फुटला नव्हता जी. बोली चालू असतांना उचलला असता तर त्याले सांगणार काय? मधलाच आंकडा सांगितला तर तो दिवसभर तोच धरून बसते. आणि तिकडचा फोन सोडला असता तर बोलींतला एक माणूस कमी झाला असता. त्यांत नुकसान बागवाल्याचंच.”

इतकें बोलून ते वळले, कारण पुढच्या ढिगाची बोली संपली होती. दिवाणजी हिशेबाची चिठ्ठी लिहावयास बसले होते. चिठ्ठी पुरी होण्याची वाट न पाहतां अडत्यांनीं मोबाईल काढला आणि नुकताच कापलेला एक क्रमांक स्वतः लावला. पलीकडे एक घंटाहि पुरती वाजली नसेल.