पऱ्हाटीचं मीठ

तालुक्याचं नाव केळापूर, तहसील कचेरी मात्र पांढरकवड्याला. कापूस इथला देव नसला तरी देवाच्या बरोबरीनं त्याची चिंता वाहिली जाते. पावसाळा सरून रात्री गार पडू लागल्या की काळ्या रानातल्या पऱ्हाटीची पानं कडेनं तांबडी व्हायला लागतात. हा लाल्या. कृषी केंद्रात जाऊन 'लाल्या आला' एवढं म्हटलं की दुकानदार युरिया किंवा डीएपीच्या जोडीला पांढऱ्या खड्यांचं एक पाकीट काढून देतो. त्यावर लिहिलेलं असतं मॅग्नेशियम सल्फेट. पंपात विरघळवायचं आणि फवारायचं.

हेच मीठ सरकारी दवाखान्याच्या प्रसूतिकक्षात काचेच्या ॲम्प्युलमध्ये भरलेलं असतं. परिचारिका त्याला 'मॅगसल्फ' म्हणतात. दोन मिलिलिटरमध्ये एक ग्रॅम. बाळंतिणीला झटके आले तर द्यायचं, हे तिथल्या प्रत्येकीला पाठ असतं. पण मुदतीच्या फार आधी जन्माला येणाऱ्या बाळाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचालींत येणारं अपंगत्व, होण्याचा धोकाही या मिठानं कमी होतो. ही पाल्सी एकदा झाली की पुढचे उपाय पुष्कळ आहेत. व्यायाम, स्प्लिंट, आखडलेल्या स्नायूंत बोट्युलिनमची इंजेक्शनं, शस्त्रक्रिया. ती होऊच नये म्हणून आईला देण्यासारखी औषधं फार थोडी, आणि त्यांतलं नाव घेण्याजोगं एक औषध खताच्या दुकानातही मिळतं. (खताचं पाकीट आणि इंजेक्शन यांच्या शुद्धतेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कुणी भलता प्रयोग करू नये.)

रानातून प्रसूतिकक्षात हे मीठ कसं पोचलं याचा माग मी काढत गेलो आणि एका गोष्टीनं चक्रावलो. जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर ते भलत्याच कामासाठी दिलं गेलंय.

सुरुवात गुरांपासून. इंग्लंडमध्ये लंडनच्या दक्षिणेला एप्सम नावाचं गाव आहे. १६१८ सालच्या दुष्काळी उन्हाळ्यात हेन्री विकर नावाच्या गुराख्याला तिथं पाण्याचं एक डबकं दिसलं. तहानलेली गुरं तिथवर गेली, पण त्यांनी पाण्याला तोंड लावलं नाही, कारण पाणी कडू होतं. माणसांनी ते पिऊन पाहिलं आणि त्यांना जुलाब झाले. ही दंतकथा आहे हे उघड आहे. पण एप्समला पुढं जुलाबाचं पाणी प्यायला श्रीमंतांची रीघ लागली, हे खरं. वनस्पतींच्या अभ्यासासाठी नावाजलेल्या नेहेमाया ग्रू यानं १६९५ मध्ये या क्षारावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं आणि १६९८ मध्ये तो बनवण्याचा एकाधिकार राजाकडून मिळवला. त्याआधीच मोल्ट बंधू हे मीठ स्वस्तात बनवून विकत होते. त्यांनी ग्रूच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर त्याला न विचारता छापूनही टाकलं. कृतीची चोरी आणि पुस्तकाचीही चोरी! झाडांच्या देहरचनेत आयुष्य घालवलेल्या ग्रूला, आपल्या या कडू मिठातलाच धातू प्रत्येक हिरव्या पानात बसलेला आहे याची कल्पनाही नव्हती. हा धातू हम्फ्री डेव्हीनं १८०८ मध्ये वेगळा केला.

१९०६ हे माझ्या लेखी रान आणि प्रसूतिकक्ष यांच्या या नात्याचं जन्मवर्ष. त्या वर्षी जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिखार्ड विलश्टेटर यानं क्लोरोफिलमध्ये मॅग्नेशियम असल्याचं दाखवलं. या कामासाठी त्याला १९१५ चं नोबेल मिळालं. लाल्या पडलेल्या पऱ्हाटीला मॅग्नेशियम का द्यायचं, याचं मूळ उत्तर तिथं आहे. आणि त्याच वर्षी, त्याच जर्मन भाषेच्या मुलखात, हॉर्न नावाच्या डॉक्टरनं गर्भवतीचे झटके, म्हणजे एक्लाम्पसिया, थांबवण्यासाठी हेच मीठ तिच्या मणक्यात टोचलं. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मी तो जोडू पाहतोय, हे मान्य.

इथं वाद आहे. अमेरिकी पाठ्यपुस्तकं हॉर्नला एका ओळीत गुंडाळतात आणि खरा मान लॉस एंजेलिसच्या लझार्डला (१९२५, शिरेतून) आणि डॉर्सेटला (१९२६, स्नायूतून) देतात. मणक्यात टोचण्याची पद्धत टिकली नाही, टिकली ती या दोघांची, असा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटत नाही. द्यायची वाट बदलली म्हणून कल्पनेचा बाप बदलत नाही. उलट मी आणखी मागं जाईन. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत मेल्ट्झर आणि आउअर यांनी १९०५ च्या सुमारास जनावरांवर प्रयोग करून मॅग्नेशियम मज्जासंस्थेला शांत करतं हे दाखवलं. त्यावरून लगेच ते धनुर्वाताच्या रोग्यांना दिलं गेलं. हॉर्न त्यानंतरचा. म्हणजे एक्लाम्पसियाचं हे औषध धनुर्वाताकडून उसनं आलंय.

अंग ताठतं, पाठ धनुष्यासारखी वाकते, दातखिळी बसते. डोळ्यांना दोन्ही आजार सारखे दिसतात, म्हणून औषधही सारखं चालेल असा हिशेब. कारणं पाहिली तर दोन्हींत काही साम्य नाही. एक जंतूच्या विषानं होतो, दुसऱ्याचं मूळ वारेत. पण ही गल्लत विसाव्या शतकातली नव्हे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अपतानक, म्हणजे झटक्यांचा आजार, कशानं झाला तर असाध्य हे सांगताना गर्भपात, अतिरक्तस्राव आणि आघात एकाच दमात घेतलेत. आघातानं येणारा म्हणजे धनुर्वात आणि गर्भामुळे येणारा म्हणजे बाळंतिणीचे झटके, असं मी वाचतो. वैद्य मंडळी हरकत घेतील. गर्भपात आणि एक्लाम्पसिया एक नव्हेत, हे खरंच आहे. तरी खाटेशी उभ्या असलेल्या माणसाला हजारो वर्षं हे दोन्ही आजार एका कुळातले वाटत आले, आणि त्या चुकीच्या नात्यामुळे बरोबर औषध सापडलं, हा माझा आग्रह मी सोडत नाही.

औषध बरोबर होतं हे सिद्ध व्हायला मात्र १९९५ उजाडलं. भारतात तोवर मद्रासच्या कृष्ण मेनन यांचं १९६१ चं तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण जोरात होतं. बाकी जगात कुणी डायझेपाम देई, कुणी फेनिटॉइन. १९९५ च्या चाचणीत भारतासह अनेक देशांतल्या १,६८७ बायका होत्या. मॅग्नेशियम दिलेल्यांना पुन्हा झटके येण्याचं प्रमाण डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटॉइनपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी निघालं. वाद संपला.

आता बाळाकडे. सेरेब्रल पाल्सीची सुरुवातीची कथा अभ्यासकांना ठाऊक आहे. विल्यम लिटल यानं १८६१ मध्ये लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांपुढे सांगितलं की अवघड बाळंतपण आणि कोंडलेला श्वास यांमुळे मुलं अशी होतात. १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यानं (होय, तोच, मनाकडे पूर्ण वळण्याआधी तो मुलांच्या मेंदूचा अभ्यासक होता) उलट शंका काढली. बाळंतपण अवघड गेलं ते बाळात आधीच काही बिघडलं होतं म्हणून, असं का नसेल? लोकांनी लिटलचं ऐकलं. फ्रॉइडची शंका जवळपास ९० वर्षं पडून राहिली. अमेरिकेत १९५९ ते १९६६ या काळातल्या ५४ हजारांवर गर्भारपणांची नोंद करणारा एक प्रचंड प्रकल्प झाला होता. त्यातली माहिती चाळून कॅरिन नेल्सन आणि जोनस एलेनबर्ग यांनी १९८६ मध्ये दाखवलं की बहुतेक मुलांची पाल्सी जन्मावेळी श्वास कोंडल्यानं झालेली नाही. फ्रॉइड बराचसा बरोबर निघाला. आपल्याकडे मात्र लिटलला एवढ्या लवकर निरोप देता येत नाही. घरी किंवा वाटेत होणारं बाळंतपण आणि उशिरा रडणारं बाळ इथं अजून आहे.

याच नेल्सनबाईंच्या हाती पुढे आपलं मीठ लागलं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या चार कौंट्यांत १९८३ ते १९८५ मध्ये जन्मलेली, दीड किलोपेक्षा कमी वजनाची मुलं त्यांनी आणि ज्युडिथ ग्रेथर यांनी तपासली. पाल्सी झालेल्या ४२ मुलांपैकी ७.१ टक्क्यांच्या आयांना बाळंतपणाआधी मॅग्नेशियम मिळालं होतं. पाल्सी न झालेल्या ७५ जणांत हा आकडा होता ३६ टक्के. १९९५ मध्ये हे छापून आलं तेव्हा खळबळ उडाली.

पण त्या आयांना ते मिळालं कशासाठी? काहींना झटक्यांच्या भीतीनं. बाकीच्यांना कळा थांबवण्यासाठी. १९७७ पासून अमेरिकेत अवेळी सुरू झालेल्या कळा मॅग्नेशियमनं रोखायचा प्रघात पडला होता. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या कॅरोलाइन क्राउथर यांनी सगळ्या चाचण्या एकत्र मांडून पाहिल्या, तर त्यानं कळा थांबतच नाहीत! पुढे निरुपयोगी ठरलेल्या त्या वापरातून बाळाच्या मेंदूचा उपयोग समोर आला होता.

नेल्सन यांच्या निष्कर्षावर शंका घेणाऱ्यांचं म्हणणंही लंगडं नव्हतं. वाढत्या रक्तदाबामुळे ज्यांचं बाळंतपण लवकर करावं लागतं, त्यांच्या बाळांच्या मेंदूत रक्तस्राव कमी आढळतो असं आधीच दिसलं होतं. मग मिठानं काही केलंच नसेल, आजारानंच बाळाला वाचवलं असेल. शिवाय ज्या आईला इंजेक्शन द्यायला वेळ मिळाला तिचं बाळंतपण निवांत झालेलं असणार. नेल्सन यांनी वाढलेला रक्तदाब नसलेल्या आया वेगळ्या काढून पाहिल्या. फायदा थोडा उतरला, पण राहिला. तरी मॅग्नेशियम मिळालेल्या आयांना स्टेरॉइडही जास्त मिळालेले होते, हे त्यांच्याच तक्त्यात आहे. शिकागोच्या एका चाचणीत तर मॅग्नेशियम दिलेल्या गटात बालमृत्यू जास्त दिसले आणि ती थांबवावी लागली.

निकाल लागला तो मोठ्या चाचण्यांनी. पहिली पुन्हा क्राउथर यांचीच, २००३ ची, १,०६२ बायकांवर. कळा थांबत नाहीत हे सांगणारी बाई मेंदू वाचतो का हे पाहत होती, म्हणून तिच्यावर माझा विश्वास जास्त. पाल्सीतला फरक तिथं आकड्यांच्या कसोटीला उतरला नाही, पण हालचालींचा मोठा दोष ६.६ टक्क्यांवरून ३.४ वर आला. २००८ च्या अमेरिकी चाचणीत २,२४१ बायकांपैकी मॅग्नेशियम मिळालेल्या गटात मध्यम ते तीव्र पाल्सी १.९ टक्के, न मिळालेल्यांत ३.५. पाच चाचण्या मिळून ६,१४५ बाळं, धोका सुमारे एक तृतीयांशानं कमी. हिशेब असा, की ६३ बाळांच्या आयांना दिलं तर एकाची पाल्सी टळते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ३२ आठवड्यांच्या आत होऊ घातलेल्या बाळंतपणासाठी त्याची शिफारस केली. कारणही तोवर पुढे आलं होतं. गुदमरलेल्या मेंदूत ग्लुटामेट सुटतं, पेशींची दारं उघडतं आणि कॅल्शियमचा लोंढा आत शिरून त्या मरतात. मॅग्नेशियम त्या दारात बुचासारखं बसतं, हे १९८४ मध्ये पॅरिस आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं होतं.

दोन गोष्टी माझ्या उत्साहाला आडव्या येतात. क्राउथर यांच्या चाचणीतली मुलं शाळेच्या वयाची झाल्यावर पुन्हा तपासली तेव्हा दोन गटांत ठळक फरक उरला नव्हता. आणि ३० ते ३४ आठवड्यांच्या बाळांवर केलेल्या २०२३ च्या चाचणीत फायदा दिसलाच नाही.

उरला प्रश्न मात्रेचा, आणि इथं ही कथा महाराष्ट्रात येते. झटक्यांसाठीचा जुना डोस अमेरिकेतल्या प्रिचर्ड यांचा. सुरुवातीलाच १४ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५. तो तिथल्या धडधाकट बायकांच्या वजनाला बेतलेला. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याकडच्या हडकुळ्या बायकांना एवढं कशाला, असं म्हणून मात्रा पुष्कळ खाली आणली आणि २००३ मध्ये ती प्रसिद्ध केली. ढाक्याच्या रशिदा बेगम यांनी कमी मात्रेची पद्धत दोन वर्षं आधी छापली होती. मान कुणाचा? छापील तारीख पाहिली तर ढाक्याचा. पण सोलापूरची मात्रा त्याहून कमी आहे, आणि धाडस त्यातच जास्त होतं.

कमी मात्रेला महत्त्व आहे, कारण हे मीठ जास्त झालं की आधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त हालचाल जाते, मग श्वास. म्हणून दर डोसाआधी नर्स किंवा डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारून पाहतात. पाय उडाला तरच पुढचं इंजेक्शन. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवायचं. तीच हातोडी पुढे कधी स्पास्टिक पाल्सीच्या मुलाच्या गुडघ्यावर पडते. तिथं पाय गरजेपेक्षा जोरात उडतो.

माझा तर्क असा की बाळाच्या मेंदूसाठीही सोलापूरसारखं कमी माप पुरेल. फ्रान्सच्या २००७ च्या चाचणीत एकदाच ४ ग्रॅम दिले होते, पुढे काही नाही. फरक आकड्यांच्या कसोटीला उतरला नाही, पण कल फायद्याकडेच होता. जागतिक आरोग्य संघटनेनंही कुठल्या एका मात्रेचा आग्रह धरलेला नाही. तिच्या यादीत एकदाच द्यायचे ४ ग्रॅमही आहेत. ज्यांनी मोठ्या रुग्णालयांत ६ ग्रॅम आणि वर तासाला २ असे दिले, त्यांना हे पटणार नाही. पण केळापूरच्या कोलाम पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, निघालेल्या, सात महिन्यांतच कळा लागलेल्या बाईला यवतमाळचं वैद्यकीय महाविद्यालय पांढरकवड्यापासून सुमारे ७० किलोमीटर आणि नागपूर त्याच्या दुप्पट. वाटेत तासाच्या हिशेबानं थेंब मोजणारं यंत्र नाही. शिवाय शिफारशीत ३२ आठवड्यांची अट आहे आणि इथं शेवटच्या पाळीची तारीख अनेकींना पोळ्याच्या आगेमागे एवढीच आठवते. सोनोग्राफी लवकर झालेली असली तर नशीब. ४ ग्रॅमचे चार ॲम्प्युल मात्र पांढरकवड्यातच, गाडीत चढवण्याआधी, वीस मिनिटांत देता येतात.