शिक्रापूरचा काळा पाषाण आणि गुरूचा धगधगता चंद्र

आजचा भाग मी शिक्रापुरात, घराच्या गच्चीवर बसून रेकॉर्ड करतोय. खाली नगर रोडचं ट्रॅफिक आहे, त्यामुळे मधेमधे हॉर्न ऐकू येतील, सांभाळून घ्या. वर मात्र गुरू मस्त चमकतोय.

आमच्याकडे विहीर खणायला घेतली की आधी माती लागते, मग मुरूम, मग काळा पाषाण. हा पाषाण म्हणजे गार झालेला लाव्हा. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरत गेला आणि आपलं दख्खनचं पठार झालं. आता इथं सगळं शांत आहे. पण गुरूचा एक चंद्र आहे, आयो. तिथं आज, आत्ता, चारशेहून जास्त ज्वालामुखी जागे आहेत!

गॅलिलिओनं आयो पाहिला १६१० च्या जानेवारीत. पुढची साडेतीनशेहून जास्त वर्षं तो आपल्यासाठी जवळपास एक ठिपकाच होता. आकारानं आपल्या चंद्राएवढा, म्हणजे तोही कधीच थंड पडला असणार, असं बहुतेकांना वाटायचं.

मग आलं १९७९. २ मार्चला पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघांचा लेख छापून आला. त्यांचं म्हणणं असं: युरोपा आणि गॅनिमीड हे शेजारचे चंद्र आयोला ठरावीक तालात ओढतात. त्यामुळे त्याची कक्षा पूर्ण गोल होत नाही. तो कधी गुरूच्या जवळ, कधी लांब. गुरूची ओढ कमी-जास्त होते आणि अख्खा चंद्र ताणला जातो, सैल पडतो, पुन्हा ताणला जातो. तार सारखी वाकवून सरळ केली की हाताला गरम लागते ना? तसंच. आयो आतून वितळलेला असणार!

तीनच दिवसांनी व्हॉयेजर १ हे यान आयोजवळून गेलं. ८ मार्चला त्यानं मागे वळून एक फोटो काढला. लिंडा मोराबिटो ही जेपीएलमधली तरुण इंजिनिअर यानाची दिशा तपासायला त्या फोटोत अंधूक तारे शोधत होती. त्यासाठी तिनं फोटोचा उजेड वाढवला, तर आयोच्या कडेला छत्रीसारखं काहीतरी दिसलं. कॅमेऱ्याचा दोष? मागून डोकावणारा दुसरा चंद्र? तिनं आणि सहकाऱ्यांनी एकेक शक्यता तपासून बाद केली. उरला ज्वालामुखीचा फवारा, सुमारे २७० किलोमीटर उंच. एव्हरेस्टच्या तीसपट! पृथ्वीबाहेर धगधगता ज्वालामुखी माणसाला पहिल्यांदाच दिसला होता.

मला यातलं काय आवडतं सांगू? ज्वालामुखी शोधणं हे लिंडाचं कामच नव्हतं. ‘फोटो खराब आलाय’ म्हणून ती पुढं गेली असती, तर तिला कुणी दोष दिला नसता. पण ती थांबली.

तेव्हा आज रात्री गुरू दिसला तर दुर्बीण हात न हलवता धरा. त्याच्या शेजारी एका रेषेत बारीक ठिपके दिसतील. अगदी जवळ फिरणारा तो आयो. आपल्या पायाखाली जे कधीच विझलं, ते तिथं अजून पेटलेलं आहे.

भेटू पुढच्या भागात!