मेणावर उमटलेले कवी

कवीचा आवाज जपून ठेवावा ही कल्पना साहित्यिकांच्या बैठकीत जन्मली नाही. ती आली भाषा आणि उच्चार यांचा अभ्यास करणाऱ्यांच्या प्रयोगशाळेतून. व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीने १८९९ मध्ये ध्वनिमुद्रणांचा संग्रह सुरू केला, पाठोपाठ १९०० मध्ये बर्लिनला कार्ल श्टुम्फ यांनी. पॅरिसमध्ये हे काम सोरबॉन विद्यापीठातल्या फेर्दिनां ब्र्युनो यांनी अंगावर घेतले. फ्रेंच भाषेचा खंडांमागून खंड इतिहास लिहिणारा हा माणूस. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची माणसे प्रत्यक्षात कशी बोलत, हे कागद सांगत नाही, ही भाषेच्या इतिहासकाराची कायमची अडचण. एमिल पाते यांनी यंत्रसामग्री पुरवली आणि ३ जून १९११ रोजी ‘आर्शीव्ह द ला पारोल’, म्हणजे बोलीचे दप्तर, उघडले. पुढच्याच वर्षी ब्र्युनो यंत्र घेऊन आर्देनच्या खेड्यांत गेले आणि तिथल्या लोकांची बोली टिपून आले. १९१३ मध्ये बेरी आणि लिमुझँ या प्रांतांची पाळी आली.

याच दप्तरात कवी आले. शेतकऱ्याच्या बोलीचा जसा नमुना, तसाच कवितेच्या उच्चाराचाही. २४ डिसेंबर १९१३ रोजी ग्योम आपोलिनेर कर्ण्यासमोर उभा राहिला. वय ३३. त्याच वर्षी त्याचा ‘आल्कोल’ हा संग्रह निघाला होता, आणि त्यातली सगळी विरामचिन्हे त्याने छपाईच्या वेळी उडवून टाकली होती. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. कुठे थांबायचे ते वाचणाऱ्याच्या श्वासाने ठरवायचे. अशा कवीचे स्वतःचे वाचन हाती असणे केवढे मोलाचे! त्याने तीन कविता म्हटल्या, मिराबो पुलावरची कविता त्यांतली एक. आवाज लांबवत, हेल काढत, एका संथ सुरात तो म्हणत जातो. नटाची आवेशपूर्ण फेक त्यात अजिबात नाही.

ही ध्वनिमुद्रणे मे १९१४ मध्ये सोरबॉनमध्ये लोकांना ऐकवली गेली. नंतर आपोलिनेरने त्याबद्दल लिहिले. स्वतःचा आवाज त्याला ओळखू आला नाही, मित्रांनी मात्र लगेच ओळखला. त्याने आणखी एक गोष्ट सांगितली आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते : तो कविता गुणगुणत रचत असे, आणि त्याच्या त्या चाली त्याचा मित्र, कवी माक्स जाकोब, याने टिपून ठेवल्या होत्या. म्हणून आपणही कवी रने गिलसारखे गाऊनच म्हणायला हवे होते, असे त्याला वाटले. त्या दिवशी खरी बाजी मारली ती गिल आणि कवी व्हेरहारेन यांनी, अशी कबुली त्याने मोकळ्या मनाने दिली. पाच वर्षांच्या आत, नोव्हेंबर १९१८ मध्ये, इन्फ्लुएन्झाच्या साथीत तो गेला.

त्या काळचे यंत्र कसे होते हे लक्षात घेतल्याशिवाय ही ध्वनिमुद्रणे नीट ऐकता येत नाहीत. मायक्रोफोन नव्हता, वीज नव्हती. बोलणाऱ्याच्या आवाजाच्या लहरी कर्ण्यात शिरत, टोकाचा पातळ पडदा थरथरे आणि त्याला जोडलेली सुई मेणात खाच पाडी. खोदण्याचे सगळे बळ आवाजातूनच यायचे. म्हणून तोंड कर्ण्याजवळ धरायचे आणि जोर एकसारखा ठेवायचा. तरीही स, श यांसारखे शीळ घालणारे वर्ण जवळजवळ पुसलेच जात. शिवाय मेणाचा रूळ वाजवला की दर वेळी थोडा झिजे.

या झिजेचा फटका रशियातल्या पेत्रोग्रादमध्ये बसला. तिथल्या ‘जिवंत शब्दाच्या संस्थे’त सेर्गेई बेर्नश्टाइन हा तरुण भाषाशास्त्रज्ञ १९२० पासून कवींना फोनोग्राफसमोर उभे करू लागला. क्रांतीनंतरचे उपासमारीचे दिवस होते ते. गुमिल्योव, ब्लोक, मांदेलश्ताम, आख्मातोवा, मायकोव्स्की : एका वर्षात एवढे आवाज रुळांवर आले. बेर्नश्टाइनला शोधायचे होते ते हे, की कवीच्या वाचनाची लय त्याच्या रचनेतच दडलेली असते का. ऑगस्ट १९२१ मध्ये ब्लोक आजारात गेला आणि त्याच महिन्यात गुमिल्योवला गोळ्या घातल्या गेल्या. बेर्नश्टाइनने आणखी काही वर्षे काम रेटले, १९३० मध्ये ते बंद पडले. रूळ मॉस्कोच्या साहित्य संग्रहालयात पोचले आणि पडून राहिले. गुमिल्योवचे नाव छापायची सोय नव्हती, मांदेलश्ताम छावणीत मेला. त्यांचे आवाज कोण वाजवणार? साठच्या दशकापासून संशोधक लेव्ह शिलोव्ह यांनी हे रूळ तपासून, तंत्रज्ञांच्या मदतीने एकेक आवाज पुन्हा टेपवर उतरवला. ब्लोकचे रूळ फार खराब झाले होते. खरखरीच्या पडद्यामागून त्याचा थकलेला, सपाट स्वर कसाबसा येतो.

जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सची गोष्ट वेगळी. त्याच्या ‘उरसोनाट’मध्ये अर्थाचा शब्दच नाही, नुसते ध्वनी, सुरुवातीचे बीज राऊल हाउसमानच्या अक्षरांच्या भित्तिपत्रकातून आलेले. इथे आवाज हीच कविता. त्याने १९२५ मध्ये आपल्या ‘मेर्झ’ नियतकालिकाचा तेरावा अंक चक्क तबकडीच्या रूपात काढला, आणि १९३२ मध्ये श्टुटगार्ट नभोवाणीने ‘उरसोनाट’चा एक भाग त्याच्या आवाजात मुद्रित केला. त्याच वर्षी यान चिखोल्डच्या मांडणीतून संपूर्ण रचना उच्चाराच्या सूचनांसह छापून आली. सूचना वाचून आणि मग तो भाग ऐकून पाहावा. लिहिलेल्यात कुठेच नसलेली त्याची मिश्कील लगबग कानाला लगेच कळते.

जर्मन कवी ह्यूगो बालच्या बाबतीत मात्र असे काही हाती नाही, आणि ही हानी मला फार लागते. जून १९१६ मध्ये झुरिकच्या काबारे व्होल्तेरमध्ये त्याने पुठ्ठ्याचा पोशाख चढवून आपल्या ध्वनिकविता म्हटल्या. म्हणता म्हणता आपला स्वर चर्चमधल्या पाद्र्याच्या पठणाकडे वळला, असे त्याने रोजनिशीत नोंदवले आहे. त्याच शहरातल्या विद्यापीठात स्विस बोली मुद्रित करणारा संग्रह १९०९ पासून चालू होता. यंत्र होते, मेण होते, ऐकून टिपणारी शिकलेली माणसे होती. बाल १९२७ मध्ये वारला. त्या कविता आज जो कोणी म्हणतो तो छापील अक्षरांवरून, आपल्या अंदाजाने म्हणतो.