ऱ्हाईनकाठचे विद्यानगर

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा वैष्णव, शैव आदी पंथांवरील इंग्रजी ग्रंथ आपणांपैकी अनेकांनी चाळला असेल. १९१३ साली निघालेल्या त्याच्या पहिल्या आवृत्तीचे शीर्षकपान पाहिले, तर तेथे मुंबई किंवा लंडन हे नाव आढळत नाही. आढळते ते स्ट्रासबुर्ग. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवून गेलेले ब्यूलर यांनी सुरू केलेली आणि त्यांच्यामागे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील कीलहॉर्न यांनी चालविलेली ग्रंथमाला या गावचा ट्रुब्नर नावाचा प्रकाशक काढीत असे. तेव्हा हे गाव जर्मनीत होते. आज ते फ्रान्समध्ये आहे. गाव आहे तेथेच राहिले, पण १८७१ ते १९४४ एवढ्या काळात त्याचे निशाण चार वेळा बदलले.

येथील विद्येची परंपरा मात्र निशाणाहून जुनी. १५३८ साली योहान स्टुर्म याने येथे विद्यालय काढले. १६२१ साली त्याचे विद्यापीठ झाले. १६८१ साली चौदाव्या लुईने गाव घेतले, तरी विद्यापीठ आपल्या जर्मन वळणाने चालू राहिले. म्हणूनच १७७० साली तरुण गटे कायदा शिकण्यासाठी फ्रान्सच्या राजाच्या या गावी आला. भाषा एक आणि राजा दुसरा, याचे त्या काळी कोणास नवल वाटत नसे.

नवल वाटू लागले ते एकोणिसाव्या शतकात. १८७० च्या ऑगस्टमध्ये प्रशियन तोफांनी गावाला वेढा घातला आणि २४ तारखेच्या रात्री येथील ग्रंथालय जळाले. बाराव्या शतकातील हेराड या मठाधिकारिणीचा सचित्र ग्रंथ आणि मुद्रणकलेचा जनक गुटेनबर्ग याच्या येथील वास्तव्याची कागदपत्रे त्यात भस्मसात झाली. विजेत्यांनाही याची लाज वाटली असावी. जर्मनीतून आणि परदेशांतून पुस्तके मागवून नवे ग्रंथालय उभे केले गेले, आणि १८७२ साली नवे विद्यापीठ सुरू झाले. बिनतारी संदेशाबद्दल १९०९ साली मार्कोनीबरोबर नोबेल पारितोषिक मिळविणारा ब्राउन येथलाच प्राध्यापक. विद्या खरी होती. पण हेतू जिंकलेल्या प्रांतावर जर्मन संस्कृतीचा ठसा उमटविण्याचा होता.

१९१८ साली फ्रेंच आले आणि जर्मन प्राध्यापकांना ऱ्हाईन ओलांडून जावे लागले. त्यांच्या जागी आलेल्यांत मार्क ब्लॉक आणि ल्यूसिआँ फेव्र हे इतिहासकार होते. राजे आणि लढाया बाजूला सारून शेती, बाजार व लोकांची मने यांचा इतिहास लिहिणारे त्यांचे नियतकालिक १९२९ साली निघाले. सीमेवरच्या गावात राहून त्यांनी सीमा ओलांडणारा इतिहास शिकविला, हे आम्हांस विशेष वाटते.

पुढे १९३९ साली युद्ध सुरू होताच विद्यापीठ क्लेरमाँ-फेराँ येथे हलविण्यात आले. तेथेही २५ नोव्हेंबर १९४३ रोजी जर्मनांनी धाड घातली, प्राध्यापक कोलाँप यांना गोळी घातली आणि शंभरांहून अधिक जणांना छळछावण्यांत पाठविले. ब्लॉक यांनाही १९४४ च्या जूनमध्ये ठार करण्यात आले. इकडे मूळ गावात नात्सींनी १९४१ साली आपले विद्यापीठ थाटले होते. त्यातील शरीरशास्त्राच्या प्राध्यापकाने सांगाड्यांच्या संग्रहासाठी ८६ ज्यूंचा बळी घेतला. विद्या निशाणाची दासी झाली म्हणजे कोठवर उतरते, याचा याहून भयंकर दाखला आम्हांस ठाऊक नाही.

आता उरले काय, ते पाहू. वंशश्रेष्ठत्वाची ती अध्यासने गेली. ग्रंथालय राहिले, त्यात आज तीस लाखांहून अधिक ग्रंथ व इतर साहित्य आहे. कैसरच्या काळात, १८८४ साली उघडलेला विद्यापीठाचा प्रासादही राहिला. १९४९ च्या ऑगस्टमध्ये युरोपीय परिषदेच्या सभेचे पहिले अधिवेशन त्याच्याच सभागृहात भरले. २००९ साली येथील तीन विद्यापीठे एक झाली आणि आज तेथे पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात. २०१७ पासून ट्राम ऱ्हाईनवरून पलीकडच्या जर्मन केल गावापर्यंत जाते. प्रासादासमोर गटेचा पुतळा आहे. तो १९०४ साली जर्मनांनी बसविला. पुढे आलेल्या फ्रेंचांनीही तो हलविला नाही.