नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे
अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील स्टॉक कार शर्यतींचे मैदान. एनॉक स्टेली व त्याच्या भागीदारांनी ते १९४७ मध्ये सुरू केले. स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार संघटनेच्या १९४९ मधील पहिल्या मोसमाची अखेरची शर्यत येथेच झाली. धावमार्ग जेमतेम १ किमीचा. एक सरळ पट्टा उताराचा, समोरचा चढाचा. त्यामुळे गाडीच्या ताकदीइतकाच चालकाचा हात महत्त्वाचा ठरे. विल्क्स परगणा चोरट्या दारूसाठी प्रसिद्ध होता. ती पोलिसांना हुलकावणी देत पोचवणाऱ्यांतूनच ज्युनिअर जॉन्सनसारखे नामांकित शर्यतपटू घडले. प्रेक्षकांना हा खेळ घरचा वाटे, तो यामुळेच.

१९७१ पासून विन्स्टन सिगारेटच्या प्रायोजकत्वामुळे या खेळात पैसा आला; पुढे दूरचित्रवाणीने खेळ देशभर नेला. मोठ्या शहरांजवळ लाखभर आसनांची मैदाने उभी राहू लागली, तिथे हे गावाकडचे मैदान तोकडे पडले. १९९५ मध्ये स्टेली वारल्यावर इतर शर्यत-मैदानांचे मालक ब्रूटन स्मिथ व बॉब बारे यांनी ते विकत घेतले. त्यांना हवे होते ते मैदान नव्हे, तर त्याच्या वार्षिक दोन शर्यतींचे हक्क. एक शर्यत टेक्ससला, दुसरी न्यू हॅम्पशायरला गेली. मैदान बंद पडण्यापूर्वीची, २९ सप्टेंबर १९९६ ची अखेरची शर्यत जेफ गॉर्डनने जिंकली. पिढ्यान्‌पिढ्या येथे येणाऱ्या चाहत्यांवर शर्यती हलवणे हा उघड अन्याय होता. पुढे मैदानात गवत माजले. चाहत्यांच्या चिकाटीला सरकारी निधीची जोड मिळून २०२२ मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि मे २०२३ मध्ये नॅसकारची ऑल-स्टार शर्यत येथे झाली.