मुंबई ते लंडन : अंतर तेच, वाट वेगळी

मराठीतला ‘अंतर’ हा शब्द मोठा गहिरा आहे. दोन गावांमधला फासला म्हणजे अंतर, माणसाचे मन म्हणजेही अंतर. आणि एखाद्याची साथ सोडणे म्हणजे त्याला ‘अंतर देणे’. मुंबई आणि लंडन यांच्यामधल्या प्रवासाचा इतिहास पाहताना हे तिन्ही अर्थ आठवतात.

सरळ मोजले तर ही दोन शहरे सुमारे ७,२०० किलोमीटर दूर आहेत. पण शिडाच्या जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागे. तो प्रवास सुमारे १९,८०० किलोमीटरचा. त्यात चार-पाच महिने सहज जात. तिकडे गेलेल्या माणसाला घरातला मृत्यू कळेपर्यंत इकडे सारे विधी आटोपलेले असत.

मुंबईच्याच गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली आणि २२ एप्रिलला पोहोचली. वाटेत एडनसारख्या बंदरांत कोळशासाठी थांबावे लागले. सुएझहून टपाल आणि प्रवासी जमिनीवरून इजिप्त ओलांडत आणि पलीकडे भूमध्य समुद्रात दुसरी बोट धरत. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि सागरी मार्ग सुमारे ११,६०० किलोमीटरवर आला. पुढच्याच वर्षी समुद्राखालून तार मुंबईला जोडली गेली. आता बातमी वेळेवर पोहोचे, माणूस मात्र पोहोचत नसे. ही ताटातूट अधिक बोचरी होती.

१९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी २९ ऑगस्टला मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले. मार्सेलिसला उतरून पुढचा प्रवास करत ते १२ सप्टेंबरला लंडनला पोहोचले. म्हणजे पुरते दोन आठवडे!

तोवर विमान आले होते. ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची हवाई टपालसेवा सुरू झाली. सुमारे सात दिवसांच्या त्या प्रवासात एक टप्पा चक्क रेल्वेचा होता. कराचीत आलेले टपाल १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी छोट्या ‘पुस मॉथ’ विमानातून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. मुंबई हवाई मार्गाने लंडनला जोडली गेली ती अशी, कराचीच्या हातून.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. १९६० साली एअर इंडियाची बोइंग ७०७ जेट विमाने आली आणि दिवसांचा हिशेब तासांवर आला. आज न थांबता लंडन गाठायला साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. परतताना थोडे कमी, कारण वर पश्चिमेकडून वाहणारा जोरदार वारा पाठीशी असतो.

मात्र वेळ केवळ वाऱ्यावर आणि यंत्रावर अवलंबून नसतो. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले. भारतानेही त्यांच्या विमानांना बंदी घातली. पश्चिमेकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. उत्तर भारतातून निघणाऱ्यांना त्याची झळ अधिक बसली. ज्या कराचीहून आपले हवाई टपाल आले, तिच्याच आकाशाला टाळून जाण्याची वेळ आली.

समुद्र, वाळवंट, वारा यांच्यावर माणसाने मात केली. आफ्रिकेचा वळसा कालव्याने वाचवला. हा नवा वळसा वाचवणारा कालवा मात्र जमिनीत खणता येत नाही. तो दोन मनांमध्येच खणावा लागतो.