केंटेचे पट्टे आणि घानाची अमूर्त चित्रकला

अमूर्त चित्रकला ही विसाव्या शतकातील युरोपची निर्मिती होय, असा समज सर्वत्र रूढ आहे. कांदिन्स्की आणि मोंद्रियान ही नावे त्या संदर्भात प्रथम घेतली जातात. परंतु पश्चिम आफ्रिकेतील विणकराच्या मागाकडे दृष्टी वळविली, म्हणजे हा समज किती अपुरा आहे ते ध्यानात येते.

आजच्या घाना देशातील आसांते व एवे हे समाज केंटे नावाचे वस्त्र विणतात. त्यांचा माग अरुंद असतो. त्यावर सुमारे चार इंच रुंदीची लांबच लांब पट्टी निघते. अशा अनेक पट्ट्या काठाला काठ जोडून शिवल्या, की वस्त्र पुरे होते. आडव्या धाग्यांनी उभे धागे झाकून रंगांचे चौकोन उठवावयाचे, ते शेजारच्या पट्टीशी कोठे जुळवावयाचे आणि कोठे मोडावयाचे, हे विणकराला आधीच मनात योजावे लागते. कारण संपूर्ण वस्त्र मागावर कधी दिसतच नाही. अठराव्या शतकात आसांते राजदरबारासाठी परदेशी रेशमी कापड उसवून त्या धाग्यांनी नवी वस्त्रे विणली जात. पुढे 1957 मध्ये घाना स्वतंत्र झाला आणि क्वामे एन्क्रुमा यांच्या अंगावरील केंटेला राष्ट्रीय प्रतिष्ठा लाभली.

या परंपरेचा नवा अर्थ लावणारे चित्रकार म्हणजे अट्टा क्वामी (1956–2021). त्यांच्या मातोश्री ग्रेस क्वामी याही कलावंत होत्या. कुमासीच्या विद्यापीठात अट्टा क्वामी शिकले आणि तेथेच त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. त्यांच्या चित्रांत रंगांचे उभे-आडवे पट्टे शेजारी शेजारी येतात; पण ती केंटेची नक्कल नव्हे. रस्त्याकडेच्या रंगीत टपऱ्या आणि दुकानांच्या पाट्या याही त्यांच्या रंगयोजनेत उतरल्या आहेत. कुमासीच्या चित्रकलेवरील त्यांचा ग्रंथ 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विद्यापीठातील चित्रकारांबरोबर पाट्या रंगविणाऱ्या कारागिरांनाही त्यांनी स्थान दिले.

येथेच खरा प्रश्न उभा राहतो. चित्राखाली चित्रकाराचे नाव असते. संग्रहालयातील जुन्या केंटेखाली बहुधा केवळ समाजाचे नाव आढळते. विणकराच्या कृतीला नुसती ‘प्रेरणा’ म्हटले, तर त्याच्या बुद्धीचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा होते. युनेस्कोने 2024 मध्ये केंटे विणण्याच्या कौशल्याचा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला. तो गौरव उचितच होय. तथापि, कलेच्या इतिहासाने विणकराला विचारवंत कलावंत म्हणून मान दिला, तरच ते ऋण फिटेल.